बूट नवा, कोर्ट तेच

बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या नावाने निघालेल्या सातव्या बुटाला रबराचा सोल होता, आठव्याला तो नाही. बास्केटबॉलच्या बुटांमधला अलीकडचा सर्वांत धाडसी बदल एवढ्या एका वाक्यात सांगून होतो. ‘अंडर आर्मर’ या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये ‘करी ७’ बाजारात आणला आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘करी फ्लो ८’. सातव्याची रचना नेहमीचीच होती. वर कापडाचं अपर, मधे फोम, खाली रबर. आठव्यात कंपनीने रबराचा थर काढूनच टाकला आणि फोम थेट जमिनीला टेकवला. बूट हलका झाला आणि लाकडी कोर्टवर त्याची पकड विलक्षण वाढली. पुढच्याच महिन्यात, ३ जानेवारी २०२१ रोजी, करीने पोर्टलंडविरुद्ध एका सामन्यात ६२ गुण केले. त्याच्या कारकिर्दीतला तो सर्वोच्च आकडा. अमेरिकेत सातव्या बुटाची किंमत १४० डॉलर होती, आठव्याची १६०.

आता हाच आठवा बूट नाशिकच्या सातपूरला आणून बघा.

सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर या वस्त्यांमधल्या बहुतेक मुलांना मेपलच्या लाकडाचं कोर्ट दिसतं ते मोबाइलवर, एनबीए या अमेरिकी लीगच्या क्लिपमध्ये. त्यांचा स्वतःचा खेळ चालतो शाळेच्या आवारातल्या सिमेंटवर, फार तर डांबरावर. सिमेंट खरखरीत असतं. उन्हाळ्यात ते तापतं, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, आणि उरलेले महिने शेजारच्या मैदानातली माती त्यावर येऊन बसते. लाकडावर घट्ट धरून राहणारा मऊ फोम अशा जमिनीवर भराभर झिजतो, कारण त्याच्या आणि सिमेंटच्या मधे काहीच उरलेलं नसतं. सातव्या बुटात निदान रबर होतं. त्यामुळे सातपूरच्या मुलासाठी करी सात हा करी आठपेक्षा चांगला बूट आहे, मग नंबर काहीही सांगो.

हे एवढ्या ठामपणे सांगायचं कारण म्हणजे दुकानातलं बोलणं नेमकं उलट चालतं. मेनरोड असो की कॉलेज रोड, मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना घेऊन बूट बघायला गेली की पहिला प्रश्न असतो, ‘यातलं लेटेस्ट कुठलं?’ मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मांडलेलं असतं, आणि सवलतीत आहे म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार, असं घरचे धरून चालतात. वडील दोन शिफ्टमधून वेळ काढून आलेले असतात, मुलाची निवड चाचणी तोंडावर असते, आणि खर्च करायचाच तर नव्यावर करावा असं त्यांना मनापासून वाटतं. त्या वाटण्यात प्रेम आहे. माहिती मात्र कमी पडते, आणि ती दुकानात कुणी देत नाही.

खरं तर नवं आणि जुनं मॉडेल कसं पडताळायचं, हे सातपूरला शिकवायला नको. इथल्या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपमध्ये रोज तेच चालतं. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की अनुभवी माणूस आधी कोपऱ्यातला तक्ता वाचतो. काय बदललं, कुठलं माप बदललं, कशासाठी बदललं? नुसता रिव्हिजनचा नंबर वाढला म्हणून भाग सुधारला असं तिथे कुणी मानत नाही. हीच शिस्त बुटाला लावायची आहे. नव्या मॉडेलमध्ये सोल बदललाय का? फोम बदललाय का? अपर रुंद झालंय की अरुंद? का फक्त रंग आणि बाजूचं चित्र बदललंय?

जुनं मॉडेल जुनं म्हणून बाद होत नाही, याचा दाखलाही सातपूरमध्येच उभा आहे. महिंद्राची पहिली स्कॉर्पिओ जून २००२ मध्ये आली, ती नाशिकच्या कारखान्यातून. वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, कंपनीने सर्वस्वी नव्या बांधणीची ‘स्कॉर्पिओ-एन’ आणली आणि ती चाकणला बनवली. पण जुनी बंद केली नाही. ऑगस्ट २०२२ पासून तीच गाडी ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ या नावाने नाशिकमधून निघू लागली. खराब रस्त्यावर वापरायला, गावाकडे दुरुस्त करून घ्यायला जुनीच बरी वाटणारा गिऱ्हाईक आहे, हे कंपनीने ओळखलं. बुटांच्या कंपन्यांकडे मात्र ही समज दिसत नाही, कारण त्यांची नवी जोडी अमेरिकेतल्या लाकडी कोर्टसाठी बनते आणि दर वर्षी जुनीला मागे सारते.

दर वर्षी नवा नंबर ही प्रथाही फार जुनी नाही. कॉन्व्हर्सचा ‘ऑल स्टार’ १९१७ मध्ये आला आणि कॅनव्हास व रबराचा तो बूट पुढची कित्येक दशकं जवळपास तसाच राहिला. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात १०० गुण केले, तेव्हाही व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये कॅनव्हासचंच राज्य होतं. चित्र पालटलं ते १९८५ मध्ये, नायकीच्या ‘एअर जॉर्डन’ने. ६५ डॉलरचा हा बूट इतका खपला की कंपनीचे सगळे अंदाज मागे पडले. पुढचा, दुसरा जॉर्डन इटलीत बनवला गेला, त्यावरून नायकीची खूण काढून टाकण्यात आली आणि किंमत थेट १०० डॉलर झाली. तिसरा १९८८ मध्ये आला, टिंकर हॅटफिल्ड या डिझायनरचा. टाचेतली हवेची पिशवी त्यात बाहेरून दिसत होती. तिथून पुढे नंबर हाच विकायचा माल झाला.

तरीही ‘जुनं तेच सोनं’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल, आणि तसं सांगणारा एक सामना आहे. ८ मार्च १९९८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शिकागो बुल्सकडून मायकेल जॉर्डनचा तिथला शेवटचा सामना होता. आठवण म्हणून त्याने पहिला, १९८५ सालचा एअर जॉर्डन पायात चढवला. ४२ गुण केले, सामनाही जिंकला. पण खेळ संपेपर्यंत त्याच्या पायांतून रक्त येत होतं. तेरा वर्षांत बुटांनी केवढी मजल मारली होती, ते त्या संध्याकाळी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या तळव्यांनी सांगितलं. फोम, टाचेचा कप, पायाला धरून ठेवणारं अपर, या सगळ्यांत खरी सुधारणा झाली आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. प्रश्न तेरा वर्षांच्या अंतराचा नाहीच. तो आहे यंदाच्या आणि मागच्या वर्षीच्या मॉडेलमधल्या फरकाचा, आणि तो फरक पुष्कळदा आपल्या उपयोगाचा नसतो.

उलट दिशेचा पुरावाही एनबीएमधूनच मिळतो. कोबी ब्रायंटचे पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाचे बूट मूळचे २००९ आणि २०१० मधले. नायकीने २०१८ पासून त्याचे जुने बूट, बाहेरून तसेच ठेवून आतला फोम वगैरे सुधारून, पुन्हा बाजारात आणायला सुरुवात केली. आज एनबीएचे खेळाडू हेच बूट सर्रास घालतात. त्यांना हवा तो नवा बूट फुकट मिळतो, तरी ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीची बांधणी निवडतात.

कोबीचाच चौथा बूट घोट्याच्या वादासाठी प्रसिद्ध आहे. तोवर बास्केटबॉलचा बूट म्हणजे घोटा झाकणारा उंच बूट, असं समीकरण होतं. फुटबॉलपटू बुटक्या बुटांत एवढी वळणं घेतात, मग बास्केटबॉलमध्ये उंच कशाला, असा कोबीचा सवाल होता. एरिक अवार या डिझायनरने त्याच्यासाठी २००८च्या अखेरीस घोट्याखालीच संपणारा बूट बनवला. अनेकांना वाटलं, आता घोटे मुरगळणार. आपल्याकडे आजही क्रीडाशिक्षक आणि पालक उंच बुटाचाच आग्रह धरतात, आणि उंच बूट महाग असतो.

अभ्यास काय सांगतो? अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उंच आणि बुटके बूट वाटून दिले गेले. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात दोन्हींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. २००१ मधला ऑस्ट्रेलियातला अभ्यास याहून बोलका आहे. दहा हजारांहून जास्त वेळा कोर्टवर उतरलेल्या खेळाडूंची त्यात नोंद झाली. ज्यांचा घोटा आधी एकदा दुखावला होता त्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांना घोटा दुखावण्याची शक्यता ४.३ पट होती. आणि खेळण्याआधी स्ट्रेचिंग न करणाऱ्यांना २.६ पट. म्हणजे ज्या हवेच्या पिशव्यांसाठी जास्त पैसे मोजले जातात त्या घोट्याला तारत नाहीत, आणि जे फुकट आहे ते स्ट्रेचिंग मात्र उपयोगी पडतं.

अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंवरचा २०११चा अभ्यास तर प्रत्येक क्रीडाशिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. १,४६० मुलामुलींपैकी काहींना लेसने बांधायचा घोट्याचा पट्टा, म्हणजे ब्रेस, दिला गेला आणि काहींना नाही. ब्रेस घालणाऱ्यांमध्ये घोट्याच्या ताज्या दुखापतींचं प्रमाण दर हजार वेळा खेळण्यामागे ०.४७ राहिलं, इतरांमध्ये १.४१. तिपटीचा फरक! खुद्द करीच्या उजव्या घोट्यावर २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी शस्त्रक्रिया झाल्या आणि तो ब्रेस घालून खेळतो. ज्या मुलाचा घोटा एकदा मुरगळला आहे, त्याच्या घरच्यांनी नव्या नंबरच्या बुटासाठी जादा पैसे घालवण्याऐवजी मागच्या वर्षीचा बूट आणि वर एक चांगला ब्रेस घ्यावा. तेवढ्याच पैशांत घोट्याला कितीतरी जास्त संरक्षण मिळेल.

नवं म्हणजे मजबूत, हीदेखील समजूतच. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांचा सामना सुरू होऊन ३६ सेकंद झाले होते. सुमारे १२९ किलो वजनाचा झायन विल्यमसन चेंडू घेऊन वळला आणि त्याचा डावा बूट तळापासून फाटून पाय बाहेर आला. गुडघा दुखावला तो वेगळाच. बूट होता नायकीचा ‘पीजी २.५’, आधीच्या ‘पीजी २’ची सुधारित आवृत्ती, जेमतेम वर्षाच्या आतली. दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर घसरला. कंपनीची माणसं चीनमधल्या कारखान्यात गेली आणि झायनसाठी बूट मजबूत करून आणला. तो बांधला होता ‘कायरी ४’ या वेगळ्याच मॉडेलवर. मार्चमध्ये तो घालून झायन परतला आणि पहिल्याच सामन्यात २९ गुण करून गेला. एवढ्या वजनाच्या आणि ताकदीच्या खेळाडूची गोष्ट अपवादात्मक आहे, हे मान्य. पण बूट खेळाडूच्या वजनाला आणि वळणाला पेलतो का, हे नंबरवरून कळत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग कळतं कशावरून? झिजलेल्या जोडावरून.

सिमेंटवर काही महिने खेळलेल्या मुलाचा बूट उलटा करून पाहावा. सगळा तळ सारखा झिजलेला नसतो. अंगठ्याच्या मागे, चवड्याखाली, रुपयाच्या नाण्याहून मोठा एक गोल गुळगुळीत झालेला असतो. पिव्हट करताना सगळं वजन त्या एका जागेवर फिरतं, आणि नागमोडी रेघांची नक्षी पहिली तिथूनच पुसली जाते. उजव्या हाताने ले-अप मारणारा मुलगा डाव्या पायावर उडतो, म्हणून डाव्याची पुढची कड आधी जाते. जो जोरात थांबतो त्याच्या टाचेची बाहेरची बाजू तिरकी कापल्यासारखी दिसते. रेघा गेल्या की धुळीला जायला वाट उरत नाही, ती रबर आणि सिमेंटच्या मधे सापडते आणि पाय सरकतो. रेघा खोल आणि एकमेकींपासून लांब असलेला सोल धूळ बाहेर टाकतो. उथळ, पारदर्शक, दिसायला देखणे सोल धुळीच्या कोर्टवर लवकर दगा देतात. पकडीसाठी पोरं बुटाचा तळ थुंकी लावून पुसतात, ते बहुतेक अशाच सोलमुळे.

म्हणून जुन्या-नव्या मॉडेलची तुलना करताना सर्वांत आधी दोन्ही बूट उलटे करावेत आणि चवड्याखालच्या त्या गोलाच्या जागी अंगठ्याचं नख दाबावं. जो सोल जास्त दबतो तो सिमेंटवर कमी टिकेल. नायकीच्या काही बास्केटबॉल बुटांच्या नावामागे ‘ईपी’ अशी अक्षरं असतात. ही आशियाई बाजारासाठीची आवृत्ती. तिच्यात उघड्यावरच्या कोर्टसाठी टणक रबर वापरलेलं असतं, त्याला कंपनी ‘एक्सडीआर’ म्हणते. अमेरिकी आवृत्तीत ते नसतं. जुन्या नंबरचा ईपी बूट आणि नव्या नंबरचा साधा बूट शेजारी ठेवलेले असतील तर सातपूरच्या मुलाने डोळे मिटून पहिला उचलावा. जालंधरच्या निव्हियासारख्या भारतीय कंपन्याही बास्केटबॉलचे बूट बनवतात. त्यांचा गिऱ्हाईक सिमेंटवरच खेळतो, आणि किमतीही बेताच्या असतात. मुलं त्यांच्याकडे नाक मुरडतात, ते अन्यायाचं आहे.

दुसरी तपासणी रुंदीची. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचे पाय पुढून रुंद असतात, लहानपण चपलेत किंवा अनवाणी गेलेलं असतं. एकाच मालिकेत एक मॉडेल रुंद आणि पुढचं अरुंद, असं सहज घडतं. मागच्या मॉडेलमध्ये आठ नंबर बसला म्हणून नव्यातही आठच बसेल असं नाही. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, खेळताना घालतो तेच जाड मोजे घालून बघावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि टाच उचलता कामा नये. वर्षभराने पाय वाढेल म्हणून एक नंबर मोठा घेण्याची घरगुती काटकसर बास्केटबॉलमध्ये महागात पडते, कारण बुटात सरकणारा पाय थांबताना अंगठ्याची नखं काळी करून घेतो.

जुन्या मॉडेलची बाजू घेताना त्याची एक खोट सांगितलीच पाहिजे. बूट न वापरताही म्हातारा होतो. पॉलियुरेथेनचा मिडसोल हवेतल्या दमटपणाने आतून विरघळत जातो आणि काही वर्षांनी हातात भुगा येतो. ऐंशीच्या दशकातले मूळ जॉर्डन जपून ठेवणाऱ्यांनी हे पाहिलं आहे. ईव्हीए फोम तसा विरत नाही, पण त्याला धरून ठेवणारा गोंद सुकतो. गोदामात चार पावसाळे काढलेला जोड पहिल्याच आठवड्यात तोंड उघडू शकतो. तेव्हा मागच्या वर्षीचं मॉडेल जरूर घ्यावं, पाच वर्षांपूर्वीचं पडून राहिलेलं घेऊ नये. ओळखणं सोपं आहे. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि साल छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पुष्कळ बुटांच्या जिभेच्या आतल्या लेबलावरही तारीख असते. किमतीच्या स्टिकरइतकंच लक्ष या तारखेकडे द्यावं.

किमतीचा विषय निघालाच आहे तर करही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावर १८. आधी १,००० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के लागत. म्हणजे नवं मॉडेल या रेषेच्या वर असेल आणि सवलतीतलं जुनं तिच्या खाली येत असेल, तर फरक सवलतीपुरता राहत नाही, करातही पडतो. कामगाराच्या घरात हा फरक ब्रेसचा खर्च भागवू शकतो.

आणखी एक मोह आहे, ‘फर्स्ट कॉपी’चा. अगदी नव्या नंबरचा, अगदी तसाच दिसणारा बूट मूळ किमतीच्या अंशात मिळतो आणि मुलं त्यावर हमखास भाळतात. फर्स्ट कॉपीत चित्राची नक्कल असते, फोमची नसते. आत काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं, तक्रार करायला बिल नसतं. १ ऑगस्ट २०२४ पासून देशात पादत्राणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला आहे आणि खेळाच्या बुटांसाठी आयएस १५८४४ हे मानक आहे. त्यानंतर बनलेल्या बुटावर आयएसआयची खूण शोधावी. अस्सल जुनं मॉडेल आणि नव्याची नक्कल यांत निवड करायची वेळ आली तर विचार करायलाही थांबू नये.

नाशिकमध्ये या विषयावर बोललं की कुणीतरी कविता राऊतचं नाव काढतंच. सावरपाड्याची ही मुलगी अनवाणी धावत मोठी झाली, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकून आली, मग आमच्या पोरांना एवढे बूट कशाला? जिल्ह्याला तिचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण धावण्याकडे ती वळली त्यामागे या खेळाला बूट लागत नाहीत हेही एक कारण होतं, असं तिनेच सांगितलं आहे. तो नाइलाज होता, त्याचा आदर्श करू नये. शिवाय मातीवर सरळ धावणं वेगळं आणि सिमेंटवर उडी मारून आडवं वळणं वेगळं. बास्केटबॉलमध्ये रिबाउंड घेऊन खाली येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर येतो. ऑस्ट्रेलियाच्या त्याच अभ्यासात घोट्याच्या जवळपास निम्म्या दुखापती उडीनंतर जमिनीवर उतरताना झाल्या होत्या. सिमेंटवर खेळणाऱ्या मुलाला चांगला बूट हवाच. फक्त चांगला आणि नवीन हे एकच समजू नये.

यात सगळी जबाबदारी घरच्यांवर टाकून चालणार नाही. महाग बुटांच्या कंपन्यांची जाहिरात लाकडी कोर्टवर चित्रित होते, आणि विक्री मात्र सिमेंटवर खेळणाऱ्या देशात होते. नाशिकच्या दुकानांत टणक रबराच्या आवृत्त्या मागवल्या जाव्यात, आणि दुकानदारांनी त्या वेगळ्या मांडून तसं सांगावं. शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी हंगाम सुरू होण्याआधी पालकांना बोलावून अर्धा तास बुटांवर बोलावं. नाशिक महापालिकेने बांधलेल्या आणि शाळांच्या ताब्यातल्या कोर्टना भेगा पडल्या आहेत तिथे त्या भरून घ्याव्यात, आणि जमेल तिथे प्लास्टिकच्या जोडफरशा बसवाव्यात. थ्री-ऑन-थ्री बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा उघड्यावर अशाच फरशांवर होतात. सिमेंटवर मुलाचे गुडघे आणि बूट दोन्ही झिजतात. त्यातला बूट बदलता येतो.

या वर्षी घरात बास्केटबॉलचा बूट घ्यायचा असेल तर मागच्या वर्षीचं मॉडेल आधी मागा. दुकानात जाताना मुलाचा झिजलेला जोड पिशवीत घालून न्या, दुकानदाराला त्याचा तळ दाखवा, आणि ज्या जागी तो गुळगुळीत झालाय त्याच जागी नव्या बुटाचं रबर किती जाड आणि किती टणक आहे, ते विचारल्याशिवाय पैसे काढू नका.